परडीतले परके फूल

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या कॉलनीतून चक्कर मारली, तर कुंपणांपाशी एक ठरावीक हालचाल दिसते. एका हातात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात टोकाला तारेची आकडी बांधलेली काठी. तगरीची फांदी खाली ओढली जाते, जास्वंदीची उमलू घातलेली फुले पिशवीत जातात, चाफ्याचा शेंडा कधी कधी मोडून आकडीबरोबर खाली येतो. हे करणारा माणूस चोर नसतो. निदान स्वतःच्या लेखी तरी नसतो. त्याच अंगणात वाळत घातलेल्या टॉवेलला तो हात लावणार नाही, गेटाशी पडलेले वर्तमानपत्र उचलणार नाही, दुकानदाराने चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करायला उन्हातून मागे जाईल. फुलाच्या बाबतीत मात्र त्याच्या मनाला टोचणी नसते, कारण फूल देवासाठी आहे. त्याला हटकले तर तो ओशाळत नाही, उलट दुखावतो. देवाला चार फुले नेली तर एवढे काय बिघडले, असे विचारतो. हा प्रश्न त्याने उत्तर मिळू नये म्हणून विचारलेला असला, तरी त्याला उत्तर द्यायला हवे. आणि ते शिष्टाचाराच्या नव्हे, धर्माच्या भाषेत द्यायला हवे, कारण सबब धर्माची आहे. म्हणून काय बिघडले हे पाहण्याआधी दुसरे काही तपासू. न विचारता आणलेले फूल देवाच्या पायाशी ठेवले, तर देवाला काही दिले गेले का?

लोकसमजुतीने या प्रश्नाची सोय आधीच लावून ठेवली आहे. देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, असे एक मत. पूजेचे अर्धे पुण्य झाडाच्या मालकाला मिळते, तेव्हा त्याचे नुकसान नाहीच, असे दुसरे. (मनीप्लँट चोरून आणला तरच फोफावतो, हे याच कुळातले, झाडपाल्याच्या चोरीबद्दल आपण एकूणच उदार आहोत.) यातले दुसरे मत अधिक मजेदार आहे. त्यात मालकाचा हक्क मान्य केलेला आहे, फक्त त्याची किंमत परस्पर ठरवून परस्पर चुकती केली आहे, आणि तीही अशा चलनात की मालकाला ते मोजून घेता येऊ नये. अर्धे पुण्य मालकाचे असेल तर फूल त्याचे होते, हे आपण बोलून बसलो. मग त्याच्या फुलाचा व्यवहार त्याला न विचारता कसा झाला?

शास्त्राचा आधार शोधणाऱ्याला तो मिळत नाही असे नाही, आणि हे आधी प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. गौतम धर्मसूत्रात गाईसाठी गवत, अग्नीसाठी लाकूड आणि वेली-झाडांची फुले स्वतःची असल्याप्रमाणे घ्यावीत, असे सूत्र आहे. फळे मात्र कुंपण नसलेल्या झाडाचीच. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायातही द्विजाने गवत, सरपण आणि फुले कुठूनही, केव्हाही घ्यावीत असे म्हटले आहे. त्यावर विज्ञानेश्वराची मिताक्षरा आहे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्य सहाव्याच्या काळी लिहिलेली ही टीका. वारसाहक्काच्या दाव्यांत आपल्याकडच्या कोर्टांनी पिढ्यानपिढ्या जिचा आधार घेतला तीच. विज्ञानेश्वर ही सवलत नुसती मान्य करून थांबत नाही. गाय, अग्नी आणि देवता यांच्यासाठी ती आहे, असे तो स्पष्ट करतो, आणि ती दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूंनाही लागू आहे असे सांगतो. तेव्हा पहाटेच्या त्या गृहस्थाने ‘शास्त्रात आहे’ असे म्हटले तर तो खोटे बोलत नाही. पण शास्त्र उघडलेच आहे तर त्याच जागेवरचे पुढचे वाक्यही वाचावे. गवत असो, लाकूड असो, फूल असो वा फळ, न विचारता घेणाऱ्याचा हात तोडावा, असे एक कठोर स्मृतिवचन विज्ञानेश्वरासमोर होते. दोन वचनांचा मेळ घालताना तो जे पर्याय देतो, त्यातला एक असा की हात तोडण्याचा नियम द्विजेतरांसाठी समजावा. म्हणजे झाड तेच, फूल तेच, न विचारणेही तेच. एकाची परडी भरते आणि दुसऱ्याचा हात जातो. फूल देवाचे आहे म्हणून ते कुणीही घ्यावे, असे तत्त्व इथे कुठेच नाही. इथे आहे तो एका वर्गाचा विशेषाधिकार. आज पहाटे आकडी घेऊन निघणाऱ्याला हा आधार हवा असेल तर तो सगळाच्या सगळा घ्यावा लागेल, आणि तो घेण्याची लाज वाटण्याइतके आपण पुढे आलो आहोत असे मी धरून चालतो.

शिवाय शास्त्र एकमुखी नाहीच. मनुस्मृतीत फुलांच्या चोरीला पाच कृष्णल दंड आहे, आणि फुले, मुळे, फळे पळवणाऱ्याला पंचगव्याचे प्रायश्चित्त आहे. प्रायश्चित्त आहे म्हणजे पाप आहे. पण या विषयावरचा सर्वांत जिवंत मजकूर आपस्तंब धर्मसूत्रात सापडतो, कारण तिथे निकाल दिलेला नसून भांडण नोंदवलेले आहे. कौत्स, हारीत, काण्व आणि पौष्करसादी यांचे म्हणणे असे की परक्याच्या वस्तूवर कुठल्याही परिस्थितीत डोळा ठेवणारा चोरच. वार्ष्यायणी म्हणतो, काही गोष्टींना अपवाद असतो. शेंगांतले दाणे किंवा गाडीच्या बैलापुरता चारा कुणी घेतला तर मालक अडवत नाहीत. मात्र फार घेतले तर पाप लागते. यावर पुन्हा हारीताचे मत येते: प्रत्येक बाबतीत आधी परवानगी. दोन हजार वर्षांहून जुना हा वाद आजच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत जसाच्या तसा ऐकू येईल. वार्ष्यायणीची बाजू मला मनापासून पटते, कारण तिला माणसांचा स्वभाव कळलेला आहे. पण तिचा पाया नीट बघावा. ती उभी आहे मालकाच्या न बोललेल्या संमतीवर. वस्तू क्षुद्र आहे किंवा हेतू पवित्र आहे, असे वार्ष्यायणी म्हणत नाही. मालक अडवत नाहीत, असे म्हणतो. जिथे मालकाने कुंपण घातले, जाळी लावली, ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी रंगवून टांगली, तिथे मालक अडवत आहे. तिथे वार्ष्यायणीही हारीताच्या बाजूला जाऊन बसतो.

आता मूळ प्रश्न. देणे म्हणजे काय? मीमांसकांनी याची चिरफाड फार बारकाईने केली आहे. यागाला तीन गोष्टी लागतात: द्रव्य, देवता आणि त्याग. त्यातला त्याग म्हणजे देवतेला उद्देशून त्या द्रव्यावरची आपली मालकी सोडणे. आहुती टाकताना यजमान ‘हे माझे नाही’ अशा अर्थाचे शब्द उच्चारतो, ते यासाठीच. पण ‘हे माझे नाही’ या वाक्याला वजन येते ते आत्तापर्यंत ते माझे होते म्हणून. जे कधी माझे नव्हतेच त्याबद्दल मी असे म्हणालो, तर मी फक्त एक खरी माहिती दिली, दिले काहीच नाही. मराठीत हा सगळा सिद्धांत एका म्हणीत बसवलेला आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दान सोडताना वस्तूवर तुळशीचे पान ठेवतात; इथे दाता हलवायाच्या घरावर पान ठेवून मोकळा होतो. ही म्हण आपण राजकारण्यांना आणि उधळ्या भाच्यांना सर्रास लावतो. शेजारच्या जास्वंदीचे फूल गणपतीला वाहताना ती आठवत नाही, हे नवल आहे, कारण इथे ती जवळजवळ शब्दशः लागू पडते. आणि गौतमाचे सूत्र ‘स्वतःची असल्याप्रमाणे’ घ्यावे असे म्हणते तेव्हा त्या ‘प्रमाणे’मध्येच कबुली आहे. स्वतःच्या वस्तूबद्दल कुणी असे बोलत नाही.

जाणकार वाचक इथे एक आक्षेप घेईल, आणि तो हलका नाही. मिताक्षरेतच अशी चर्चा आहे की धन मिळवण्याचे जे नियम शास्त्राने घातले ते माणसासाठी आहेत, यज्ञासाठी नाहीत. नियम मोडून मिळवलेल्या धनाने यज्ञ केला तर दोष माणसाला लागतो, यज्ञ बिघडत नाही. मग फूल कसेही आणलेले असो, पूजा तर झालीच ना? पण ही सूट कुणाला आहे ते पाहावे लागेल. ब्राह्मणाने आपल्या वर्णाला न शोभणारा धंदा करून पैसे मिळवले, तर उपाय चुकला, पैसा मात्र त्याचा झाला. विज्ञानेश्वराचे मत असे की मालकी ही लौकिक गोष्ट आहे, ती लोकव्यवहारातून ठरते. मग चोराचीही मालकी मानायची का, ही शंका तो स्वतःच उपस्थित करतो आणि फेटाळतो: लोकांत चोरीला मालकीचे साधन कुणी मानत नाही. म्हणजे चुकीच्या मार्गाने कमावलेला आणि चोरलेला असे दोन वेगळे खण आहेत. पहिल्याच्या हातात द्रव्य आहे आणि डोक्यावर दोष. दुसऱ्याच्या हातात द्रव्यच नाही. त्याची पूजा अशुद्ध आहे असेही मला म्हणायचे नाही. तिच्यात पुष्पार्पण हा भाग घडलाच नाही, एवढेच म्हणायचे आहे. गंध लागले, दिवा लागला, फूल वाहिले गेले नाही. ते शेजाऱ्याच्या अंगणातून देव्हाऱ्यात फक्त सरकवले गेले.

पुराणे चोराच्या बाजूने साक्ष देतील अशी अनेकांची खात्री असते. कृष्णाने पारिजात आणला तो विचारून का? लोणी खाल्ले ते विचारून का? लोण्याचे सोडू, लहान मूल आणि त्याच्यावर जीव टाकणारी आळी यांच्यात मालकीचे नियम चालत नाहीत. पारिजाताची गोष्ट मात्र विष्णुपुराणात वाचण्यासारखी आहे, कारण तिथे सत्यभामा वकिलासारखा मुद्दा मांडते. पारिजात समुद्रमंथनातून निघाला. जो सगळ्यांच्या मंथनातून निघाला तो सगळ्या लोकांचा, तो एकट्या इंद्राचा कसा? तिने ‘आम्हाला पूजेला हवा आहे’ असे म्हटले नाही, इंद्राच्या मालकीलाच हात घातला. मग उघड युद्ध झाले. अंधारात आकडी लावून फांदी ओढली गेली नाही. पण खरी गंमत पुढे आहे. इंद्र हरल्यावर सत्यभामाच म्हणते की मला पारिजात नको, परक्याचे धन हरण करून आणायचे नाही. इंद्रपत्नी शचीचा तोरा खटकला म्हणून हे सारे झाले. कृष्ण झाड परत देऊ करतो. तेव्हा इंद्र स्वतः सांगतो की ते द्वारकेला न्या, तुम्ही मर्त्यलोक सोडाल तेव्हा ते पृथ्वीवर राहणार नाही. म्हणजे युद्ध जिंकूनही झाड शेवटी द्वारकेला गेले ते मालकाच्या संमतीने, आणि तेही मुदतीच्या बोलीवर. पुढे लोककथेने सत्यभामेच्या दारचा पारिजात रुक्मिणीच्या अंगणात सडा घालणारा केला. आणि देवाला जमिनीवर पडलेले फूल चालत नाही या घरगुती नियमाला प्राजक्ताचा अपवाद राहिला. शेजारच्या झाडाखाली पहाटे पडलेला प्राजक्त वेचणे हे तोडण्यापेक्षा वेगळे आहे, हे कुणालाही उपजत कळते. झाडाने सोडून दिलेले ते आहे. तरीही अंगण ओलांडून आत जायचे असेल तर एक हाक मारावी.

पुष्पदंताची कथा याहून बोलकी आहे. हा गंधर्व शिवभक्त. राजाच्या बागेतली फुले रोज अदृश्य होऊन न्यायचा आणि शंकराला वाहायचा. राजा कोण याबद्दल कथांत एकमत नाही, पण युक्तीबद्दल आहे. माळ्यांना चोर दिसेना, तेव्हा राजाने बागेत शिवाचे निर्माल्य पसरून ठेवले. त्यावर पाय पडताच गंधर्वाची अदृश्य होण्याची शक्ती गेली आणि तो सापडला. शंकराला प्रसन्न करण्यासाठी त्याने जे स्तोत्र रचले ते महिम्न, असे परंपरा मानते. कुणी म्हणेल, शिक्षा निर्माल्य तुडवण्याची झाली, चोरीची नव्हे. कथेचा अक्षरार्थ तसाच आहे. पण इतक्या दिवसांची वाहिलेली फुले त्या एका क्षणी त्याच्या खात्यावर जमा असल्याचे दिसत नाही. देवाने ती मोजली असती तर एवढ्या भक्ताचा पाय चुकून निर्माल्यावर पडला म्हणून त्याची शक्ती गेली नसती. आणि सुटकेसाठी त्याने जे दिले ते फूल नव्हते. ते शब्द होते, स्वतःचे.

बौद्ध परंपरेने तर कसोटी फारच बारीक केली आहे. संयुत्तनिकायात एका भिक्षूची गोष्ट येते. तो जेवण आटोपून तळ्यात उतरे आणि कमळाचा वास घेई. वनातली देवता त्याला गंधचोर म्हणते: न दिलेल्या गोष्टीचा वास तू घेतोस. भिक्षू चिडून विचारतो, मी ना तोडले ना मोडले, नुसता लांबून वास घेतला. तिकडे कमळे मुळासकट उपटणारा माणूस आहे, त्याला का नाही बोलत? देवता उत्तर देते की ज्याचे वस्त्र मुळातच मळलेले आहे त्याला काय सांगायचे. जो शुद्धता शोधत निघाला आहे, त्याला केसाच्या टोकाएवढा दोषही ढगाएवढा दिसायला हवा. रस्त्याने जाताना शेजारच्या मोगऱ्याचा वास छातीभरून घ्यायचा नाही, एवढी कठोर व्रते संसारी माणसाने घेऊ नयेत. वास कुंपणाबाहेर येतो तो येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीच, असे मी मानतो. पण देवतेच्या उत्तराचा रोख विसरता येत नाही. पूजेला निघालेला माणूस स्वतःहून म्हणतो आहे की मी शुद्धता शोधतो. सोवळे नेसून, पायात चप्पल न घालता तो फुले तोडतो. त्याला लावायची फूटपट्टी शाळकरी पोराला लावायच्या फूटपट्टीपेक्षा कडकच हवी, सैल नव्हे.

मग येतो तो सर्वांत गोड आक्षेप: फूल कुणी बनवले? पाऊस ढगाचा, ऊन सूर्याचे, माती पृथ्वीची. मालकाने फक्त पाणी घातले. शिवाय जास्वंद संध्याकाळपर्यंत मिटते, मग तिचा काय उपयोग? कायदाही इथे क्षणभर गोंधळात पाडतो. 1860च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 378नुसार जमिनीला जोडलेली वस्तू चोरीचा विषयच होऊ शकत नाही. ती तोडली की होते, आणि तोडणे व नेणे एकाच कृतीत झाले तरी ती चोरी ठरू शकते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच व्याख्या कलम 303मध्ये आली. त्याच कायद्यात अतिशय किरकोळ हानीला गुन्हा न मानण्याचीही तरतूद आहे, तेव्हा फुलाच्या तक्रारीवरून कुणी पोलीस चौकी गाठावी असे मी सुचवणार नाही. पण ‘फक्त पाणी घातले’ हे वाक्य ज्याने मोगरा लावला आहे त्याने कधीच म्हटलेले नसते. थंडी सरता सरता मोगऱ्याचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो, मग छाटणी, मग आळे मोकळे करून शेणखत, मग पाणी; तेव्हा उन्हाळ्यात नव्या फुटीवर कळ्या येतात. शेवंतीचे शेंडे पावसाळ्यात वेळच्या वेळी खुडले नाहीत तर दिवस लहान झाल्यावर एकच उंच दांडी आणि वर तीन-चार फुले, एवढेच हाती लागते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बसला की कळ्या न उमलताच गळतात. मग ब्रश घेऊन पाने, देठ, बेचके धूत बसायचे, निंबोळी अर्क फवारायचा, आणि मुंग्या पुन्हा ढेकूण घेऊन आल्या की हेच सगळे पुन्हा. चाफ्याचा फुलोरा फांदीच्या टोकाला येतो. आकडीने टोक मोडले की बाजूने नवी फांदी फुटून ती वाढेपर्यंत त्या जागी फूल नाही. म्हणजे एका पहाटेची चार फुले नेताना पुढचा हंगाम नेला जाऊ शकतो. आणि फूल अखेर सुकणारच म्हणून ते घ्यावे, या न्यायाने जगात जपण्यासारखे काय उरेल?

देवाला जे पोचते ते त्या पाकळ्या नसाव्यात. पाकळ्या तर दुसऱ्या दिवशी निर्माल्य म्हणून आपणच उचलतो. पोचत असतील तर निगराणीचे हे महिने पोचत असतील. सावता माळ्याचे जीवन वारकरी परंपरेने इतके जपले ते याच जाणिवेपोटी असावे. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचा हा माळी, नामदेवांच्या काळचा. 1295 हे त्याच्या समाधीचे वर्ष मानतात. मळ्याची कामे सोडून तो पंढरीला गेला नाही, विठ्ठलच मळ्यात आला, अशी श्रद्धा आहे, आणि पंढरपूरहून देवाची पालखी अरणला जाण्याची प्रथाही त्या श्रद्धेवरच उभी आहे. त्याचा मळा भाजीचा होता, फुलबाग नव्हे, आणि तो पोटासाठी होता, हे मला ठाऊक आहे. पण म्हणूनच तो उपयोगी पडतो: तिथे तोडून वाहण्याआधीच, वाढवण्यातच अर्पण होऊन गेलेले आहे. हे मान्य केले की परक्याच्या झाडाचे फूल वाहणाऱ्याची अडचण उघडी पडते. त्याने पूजेतला शेवटचा क्षण उचलला आहे, आधीचे महिने दुसऱ्याचे आहेत.

झाडाच्या मालकाला मात्र एवढ्याने निर्दोष सुटू देऊ नये. एका कळीवरून शेजाऱ्याशी बोलणे टाकणारे, कुंपणावर काचा लावणारे, रात्री कळ्यांना पिशव्या बांधणारे लोक आहेत. फुलाचा मोह हा मोहच. शिवाय त्याचे हातही स्वच्छ नाहीत: मावा, ढेकूण, अळ्या मारूनच ते फूल उमलले आहे. अहिंसेचा विचार टोकाला नेणाऱ्यांनी फूलच वर्ज्य केले. दिगंबर जैनांमधला तेरापंथ पूजेत ताजी फुले घेत नाही, केशरी रंगवलेले तांदूळ फुलांच्या जागी वाहतो. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात प्राबल्य असलेला बीसपंथ फुले वाहतो. हा वाद आपापल्या जागी मोठा आहे. पण मालकाच्या दोषातून चोराचा हक्क निघत नाही, एवढे इथे पुरे. कीड मारल्याचा भार ज्याने आपल्या माथी घेतला, त्याच्याकडून फूल काढून घेणाऱ्याने त्यातले काहीच वाहिलेले नाही. मालकाच्या कंजूषपणाबद्दल तर वार्ष्यायणीचे वाक्य उलट बाजूनेही वाचता येते: चांगले मालक थोडक्यासाठी अडवत नाहीत. झाडावर वीस फुले असताना मागायला आलेल्या म्हाताऱ्या बाईला दोन न देणारा माणूस कुंपण राखतो, बाग राखत नाही.

राहिला तो माणूस ज्याच्याकडे मातीच नाही. चाळीतली एक खोली, खिडकीला जाळी, खाली गाड्या. त्याने देवाला काय वाहावे? हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, आणि त्याचे उत्तर परंपरेने सर्वांत उदारपणे दिले आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी यांपैकी काहीही चालते; चौघांतले एक तर नळाला येते. घरच्या पूजेत जो उपचार हाताशी नसेल त्याच्या जागी अक्षता वाहायच्या, हे प्रत्येक भटजी सांगतो आणि दर सत्यनारायणाला दहा वेळा करून दाखवतो. पुराणांत भावपुष्पांची यादी आहे. तिच्यात पहिले फूल अहिंसेचे आणि शेवटचे सत्याचे. म्हणजे फूल नसले तर पूजा अडत नाही, अडते असे कुणीच म्हटलेले नाही. फूल हवेच असेल तर फुलपुडी आहे, बाजार आहे, आणि त्याहून सोपा तिसरा मार्ग आहे: विचारणे. विचारल्याने फक्त सभ्यता पाळली जाते असे समजू नये. मालकाने ‘घ्या’ म्हटले की ते फूल दान झाले, दानाने ते घेणाऱ्याचे झाले, आणि त्याचे झाले म्हणूनच आता तो ते सोडू शकतो. तोडण्यापूर्वीचा तो एक शब्द पूजेचाच भाग आहे. गुरुजींनी सोळा उपचारांत तो मोजला नाही, कारण तो देव्हाऱ्यासमोर नव्हे, गेटाशी होतो. यात मालकाचेही देणे होते, आणि मग अर्ध्या पुण्याची ती जुनी समजूत प्रथमच हिशेबात बसते.

बागवाल्यांना एक विनंती: ज्या फांद्या रस्त्यावर झुकतात त्यांच्यावरची फुले सोडून द्या, आणि पाटी बदला. ‘फुले तोडू नयेत’ऐवजी ‘विचारून घ्या’ लिहा. फुले नेणाऱ्यांना विनंती एवढीच की पहाटे साडेपाचला बेल वाजवता येत नाही, हे खरे. पण आदल्या संध्याकाळी वाजवता येते. मोगऱ्याची कळी तर संध्याकाळीच तोडायची असते.